ओट्यावरची शेकोटी: धुरकट चॉकलेट टार्ट

सातवीत असताना आमच्या शाळेच्या गाइडचं तीन दिवसांचं शिबिर पानशेतच्या बाजूला होतं. डिसेंबरचा महिना. शेवटच्या रात्री कॅम्पफायर संपत आला होता, निखाऱ्यात पुरलेली रताळी खाऊन झाली होती. तेवढ्यात एका मैत्रिणीने दप्तरातून मार्शमॅलोचं, म्हणजे साखरेच्या मऊ, फुगीर, पांढऱ्या गोळ्यांचं, पाकीट काढलं. तिच्या मावशीने अमेरिकेहून पाठवलं होतं. आम्ही अठ्ठावीस जणी आणि पाकीट एकच. बाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री पुसून घेतली आणि एकेका मार्शमॅलोचे दोन तुकडे केले. प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा आला.

पेरूच्या ओल्या काडीला टोचून मी माझा तुकडा निखाऱ्यावर धरला. आधी तो फुगला, मग एका बाजूने तांबूस झाला आणि मग भसकन पेटला. फुंकर मारून विझवला तर वरचं काळं साल मोजा काढावा तसं अखंड निघून बोटांत आलं. ते खाल्लं. कडू, गोड आणि धुराचं. आतला पांढरा लगदा बाईंनी दोन ग्लुकोज बिस्किटांमध्ये चॉकलेटच्या चौकोनावर दाबून दिला. चॉकलेट धड वितळलंही नव्हतं.

पुढे मार्शमॅलो पुण्यात कुठल्याही मोठ्या दुकानात मिळायला लागले. मी कितीतरी वेळा घरी करून पाहिलं. मायक्रोवेव्हमध्ये केलं, तव्यावर केलं, ब्राउनीवर पसरून केलं. दरवेळी गोडावर गोड, त्यावर आणखी गोड, बस. चूक कुठे होतेय हे कळायला बरीच वर्षं लागली. त्या रात्रीची चव मार्शमॅलोची नव्हती. ती धुराची आणि करपलेल्या सालीची होती. मार्शमॅलो, बिस्किट, चॉकलेट ही ती चव धरून ठेवणारी भांडी होती. म्हणून या टार्टमध्ये मी धूर मुद्दाम क्रीममध्ये घालते, बिस्किटांचं कवच नेहमीपेक्षा एक छटा गडद भाजते आणि वरचा फेस अगदी काळे ठिपके पडेपर्यंत जाळते. या तीन गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं साधं चॉकलेट टार्टच आहे.

मूळ पदार्थ काय आहे

अमेरिकेत याला स्मोर्स म्हणतात. ‘सम मोअर’, म्हणजे ‘अजून थोडं’, याचंच बोलण्यात झिजलेलं रूप. तिथल्या गर्ल स्काउट संघटनेच्या १९२७ सालच्या एका पुस्तिकेत याची कृती छापलेली आहे. तिच्या साहित्यात बिस्किटं, चॉकलेट आणि मार्शमॅलो यांच्या जोडीला मार्शमॅलो भाजायच्या काड्याही मोजून लिहिल्या आहेत, हे मला फार आवडतं. काडी हा कृतीचाच भाग आहे.

तिथली बिस्किटं म्हणजे ग्रॅहम क्रॅकर. एकोणिसाव्या शतकात सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचा एक धर्मोपदेशक कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा कट्टर पुरस्कर्ता होता, त्याच्या नावावरून ती ओळखली जातात. त्यांना कोंड्याची खमंग चव असते आणि मधाचा किंवा काकवीसारख्या मळीचा वास. आपली ग्लुकोज बिस्किटं मैद्याची. त्यामुळे नुसती ग्लुकोज बिस्किटं घेतली तर कवच पांचट लागतं. यावर माझा उपाय म्हणजे त्यात लाडवासाठी भाजतो तशी खमंग भाजलेली कणीक आणि चमचाभर काकवी घालायची. पश्चिम महाराष्ट्रात राहून काकवी मिळत नाही असं कुणी म्हणू नये. गुऱ्हाळाच्या हंगामात तर ताजी मिळते.

पुणेकर हमखास विचारतात, म्हणून सांगून टाकते. श्रूजबेरी बिस्किटांचं कवच करून पाहिलंय. कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी लोण्याने इतकी भरलेली असते की तिचा चुरा टिनला नीट चिकटत नाही आणि कापताना ढासळतो. शिवाय ती स्वतःच इतकी चविष्ट आहे की तिला धुराखाली दडवणं पाप आहे. ती चहाबरोबर खा. इथे ग्लुकोजच हवं.

साहित्य

हे प्रमाण २० सेंटिमीटर, म्हणजे ८ इंची, सुट्ट्या तळाच्या टार्ट टिनचं आहे. टिन साधारण साडेतीन सेंटिमीटर उंच हवा. रविवार पेठेत बोहरी आळीत फिरलात तर बेकिंगची भांडी मिळतील. तळ सुटाच घ्या, नाहीतर टार्ट बाहेर काढता येणार नाही. यातून दहा फोडी होतात. पदार्थ जड आहे, मोठी फोड कुणाला संपत नाही.

कवचासाठी: ग्लुकोज बिस्किटं १८० ग्रॅम, कणीक २० ग्रॅम (साधारण अडीच मोठे चमचे), बिनमिठाचं लोणी ९० ग्रॅम, काकवी १ छोटा चमचा, पाव छोटा चमचा मीठ. लोणी मिठाचं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

चॉकलेटच्या थरासाठी: ५० ते ६० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, क्रीम २०० मिली, दूध ८० मिली, ३ अंड्यांचे पिवळे बलक, चिमूटभर मीठ.

वरच्या फेसासाठी: त्याच ३ अंड्यांचा पांढरा भाग, साखर १८० ग्रॅम, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला.

धुरासाठी: नारळाच्या करवंटीचा दोन इंची तुकडा किंवा लाकडी कोळशाचा एक खडा, आणि अर्धा चमचा साजूक तूप.

तीन अंडी, पिवळं आत, पांढरं वर, वाया काही जात नाही. मी प्रमाण मुद्दाम तसं बसवून घेतलं आहे. अंडं न खाणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

चॉकलेट घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटकांत कोको बटर असेल तर ते चॉकलेट. त्याजागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. बेकिंगच्या दुकानात मोठ्या लाद्या दिसतात त्यातल्या बऱ्याच कंपाउंडच्या असतात. केकवर ओतायला ते सोयीचं, पण या टार्टमध्ये त्याचा मेणचट थर टाळूला चिकटून बसतो. इथे पैसे वाचवू नका. हा टार्ट म्हणजे निम्मं चॉकलेटच आहे.

क्रीम टेट्रापॅकमधलं, २५ टक्के स्निग्धांशाचं, चालतं. त्याहून घट्ट मिळालं तर उत्तमच. घरची साय मात्र वापरू नका, तिचे कण राहतात.

पहिलं काम: क्रीमला धुंगार

डाळीला किंवा भरताला धुंगार देतो तोच प्रकार आहे, फक्त इथे तो क्रीमला द्यायचा. धुराच्या वासाचे बहुतेक घटक स्निग्ध पदार्थात चांगले विरघळतात, म्हणून क्रीम तो वास पकडून ठेवतं आणि नंतर तापवलं तरी सोडत नाही. मी आधी चॉकलेटला, मग तयार टार्टला धूर देऊन पाहिला. चॉकलेटला जेमतेम लागला आणि तयार टार्टच्या फेसावर राखेचे कण बसले.

क्रीम फ्रिजमधलं थंड असू द्या. थंड पृष्ठभागावर धूर जास्त बसतो. ते पसरट ताटलीत ओता, थर जितका पातळ तितकं चांगलं. ही ताटली एका मोठ्या पातेल्यात ठेवा आणि तिच्या शेजारी एक रिकामी स्टीलची वाटी.

करवंटीचा तुकडा सांडशीत धरून थेट गॅसवर पेटवा. इथे घाई नको. करवंटी आधी ज्वाळेने जळते, तेव्हा तिचा धूर काळा, डांबरट असतो. तो क्रीमला लागला तर चव औषधासारखी होते. ज्वाळा पूर्ण विझून तुकडा आतून लाल निखारा होईपर्यंत थांबा, चार-पाच मिनिटं जातात. कोळसा घेत असाल तर साधा लाकडी कोळसाच घ्या. बार्बेक्यूचे झटपट पेटणारे कोळसे येतात त्यांना रसायन लावलेलं असतं, ते इथे चालत नाहीत.

निखारा वाटीत ठेवा, त्यावर तूप सोडा आणि पांढरा धूर उठला की लगेच घट्ट झाकण घाला. झाकणाची कड ओल्या फडक्याने बंद करा. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू.

सहा मिनिटं. मी घड्याळ लावते. चार मिनिटांत वास येतो, पण चॉकलेटपुढे टिकत नाही. दहा मिनिटं ठेवलं तेव्हा टार्ट होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या राखेसारखा लागला होता. झाकण उघडलं की क्रीमचा चमचाभर चाखा. नुसतं चाखताना धूर थोडा जास्त वाटला पाहिजे. चॉकलेट त्यातला निम्मा गिळून टाकणार आहे.

कवच

कणीक कोरड्या कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, सहा-सात मिनिटं. वास सुटला की उतरवा आणि लगेच ताटलीत काढा, गरम कढईत ती भाजतच राहते.

बिस्किटं मिक्सरमध्ये फिरवून घ्या. अगदी पीठ नको, रव्याइतकं जाड ठेवा. त्यात कणीक आणि मीठ मिसळा. लोणी वितळवून त्यात काकवी घाला आणि हे चुऱ्यावर ओतून हाताने कालवा. मुठीत दाबून मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर वितळलेलं लोणी चमचाभर वाढवा. हाताला तूपकट डाग पडत असतील तर लोणी जास्त झालंय, दोन बिस्किटं आणखी चुरून घाला.

आधी कडा, मग तळ. हा क्रम बदलू नका. आधी तळ भरला तर कडांना पुरेसा चुरा उरत नाही आणि जिथे कड आणि तळ मिळतात तिथे जाड गोळा राहतो. वाटीच्या बुडाने दाबत कडा टिनच्या वरपर्यंत चढवा, मग तळ दाबून सपाट करा. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये करत असाल तर अर्धा तास ठेवा, नाहीतर ओव्हनमध्ये गेल्यावर कडा घसरतात.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून घ्या, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू. मधल्या खणात कवच १२ ते १४ मिनिटं भाजा. बहुतेक कृतींत सोनेरी झालं की काढा असं असतं. आपल्याला त्याच्या पुढचा रंग हवा, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. कडा दोन मिनिटं आधी गडद होतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. बाहेर काढल्यावर कवच मऊ लागेल, तळ किंचित फुगलेला असेल. गरम असतानाच वाटीने हलकेच दाबा. गार झालं की ते कडक होतं.

ओटीजीबद्दल एक गोष्ट. बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांत फरक असतो. माझा जुना ओटीजी १५० वर लावला की आत १७५ असायचं. तोवर मी दर वेळी चॉकलेटचा थर फाटला की स्वतःला दोष देत होते. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला आणि प्रश्न संपला. बेकिंग नियमाने करणार असाल तर साच्यांच्या आधी तो घ्या.

चॉकलेटचा थर

चॉकलेट सुरीने बारीक चिरून कोरड्या वाडग्यात ठेवा. वाडगा खरंच कोरडा हवा. वितळत्या चॉकलेटमध्ये दोन थेंब पाणी गेलं तरी ते आळतं आणि कणीदार गोळा होतो. भरपूर क्रीम गेलं तर तसं होत नाही, दोन थेंबच घात करतात.

धुरकट क्रीम आणि दूध एकत्र करून तापवा. कडेला बुडबुडे आले, वाफ दिसली की उतरवा, उकळी आणू नका. ते चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध रबरी उलथनं ठेवून छोटी वर्तुळं काढत बाहेर या. आधी ते फाटल्यासारखं, ठिपक्याठिपक्यांचं दिसेल. ढवळत राहा, मिनिटभरात चकाकी येते. फेटू नका. हवा शिरली की भाजताना वर फोड येतात.

बोट बुडवलं तर कोमट लागेल इतकं निवू द्या, मग हलकेच मोडलेले बलक आणि मीठ त्यात मिसळा. गरम मिश्रणात घातले तर बलक शिजून भुर्जी होते. आता हे मिश्रण गाळणीतून थेट कवचात गाळा. चॉकलेटचा एखादा न वितळलेला कण, बलकाची एखादी तार गाळणीत राहील. ही एक पायरी टाळावीशी वाटते, पण सुरी फिरवल्यावर कापलेली बाजू काचेसारखी दिसते ती गाळण्यामुळेच.

ओव्हन आता १५० अंशांवर. २० ते २५ मिनिटं. शिजलं का हे सुरी खुपसून बघायचं नाही, ती ओलीच निघणार. टिन हलकेच हलवा. कडेची दोन बोटं पट्टी स्थिर असली पाहिजे आणि मधला भाग खरवसासारखा थरथरला पाहिजे. पातळ लाट उठत असेल तर तीन मिनिटं आणखी. काहीच थरथरत नसेल तर थोडं जास्त झालंय, चव जाणार नाही पण थर रेशमी न राहता कोरडा होईल. ओव्हन बंद करून दार अर्धवट उघडं ठेवा आणि टार्ट आतच दहा मिनिटं राहू द्या. एकदम बाहेर काढला तर मधोमध भेग पडते.

खोलीच्या तापमानाला आला की फ्रिजमध्ये किमान चार तास. मी हे सगळं आदल्या संध्याकाळी करते आणि रात्रभर ठेवते. धुराचा वासही रात्रीतून मुरतो. पहिल्या तासाला तो वेगळा, वर तरंगणारा लागतो. दुसऱ्या दिवशी तो चॉकलेटचाच वाटतो.

वरचा फेस

दुकानातले मार्शमॅलो वर रचून भाजले तर चालतील का? चालतील, पण गार झाले की ते रबरी होतात आणि सुरी त्यांच्यातून जात नाही. शिवाय बहुतेक मार्शमॅलो जिलेटिनचे असतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. वेष्टनावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे पाहुण्यांच्या आधी तुम्ही पाहा. मी साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा शिजवलेला फेस करते, स्विस मरँग म्हणतात तो. खाताना तो भाजलेल्या मार्शमॅलोच्या आतल्या लगद्यासारखाच लागतो, उलट जास्त मऊ.

स्टीलचं किंवा काचेचं वाडगं लिंबाने पुसून घ्या. तूपतेलाचा अंश असेल तर फेस चढत नाही. पांढरं वेगळं करताना बलकाचा ठिपका पडला तर तोही त्रास देतो. वाडग्यात पांढरं, साखर आणि लिंबाचा रस घाला. खाली पातेल्यात दोन बोटं पाणी मंद उकळत ठेवा आणि त्यावर वाडगं बसवा, बूड पाण्याला टेकता कामा नये. सतत ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत मिश्रण पातळ आणि बोटांना चांगलं गरम लागेल. थर्मामीटर असेल तर ७२ अंश बघा. नसेल तर दोन बोटांत थेंब चोळा, साखरेचा एकही कण लागता कामा नये. बोटांच्या या परीक्षेने साखर विरघळल्याचं कळतं, अंडं पुरेसं तापल्याचं कळत नाही. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं खाणार असतील तर थर्मामीटरशिवाय करू नका.

वाडगं उतरवून इलेक्ट्रिक बीटरने फेटा. आधी मध्यम, मग जोरात, एकूण आठ-दहा मिनिटं. वाडग्याचं बूड गार होईपर्यंत थांबायचं नाही. बीटर उचलल्यावर फेसाची चोच उभी राहिली पाहिजे, फक्त टोक किंचित वाकलेलं. वाडगं उलटं केलं तरी फेस हलला नाही तर झालं. शेवटी व्हॅनिला.

पहिल्यांदा हा फेस मी जुलैत केला होता. साखर पुरती विरघळलेली नव्हती, बाहेर धो धो पाऊस आणि टार्ट तीन तास आधीच सजवून ठेवलेला. पाहुणे येईपर्यंत फेसाखाली पाकाचं तळं झालं होतं आणि वरचा डोंगर एका अंगाला कलला होता. साखर हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात तर फारच. तेव्हापासून फेस मी जेवणाची पानं घेण्याच्या अर्धा तास आधी करते, त्याआधी नाही. आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पुण्याच्या कोरड्या थंडीत तो सुरेख उभा राहतो.

गार टार्टच्या वरचे पाण्याचे थेंब कागदी रुमालाने टिपून घ्या, मग फेस मधोमध ओता आणि चमच्याच्या पाठीने बाहेर ढकला. कडेला बोटभर चॉकलेट उघडं ठेवते मी, दिसायला छान दिसतं. चमचा टेकवून वर उचलला की टोकं निघतात. भरपूर टोकं काढा. टोकंच आधी करपतात.

जाळणं

ब्यूटेनचा छोटा टॉर्च असेल तर टार्ट स्टीलच्या ताटावर ठेवा, जवळचे बटर पेपर, फडकी आणि टॉर्चचा डबा बाजूला करा. केस बांधा. ज्योत फेसापासून वीतभर लांब धरा आणि हात सतत फिरता ठेवा. आधी सगळीकडे तांबूस रंग येऊ द्या. तो आला की दहा-बारा टोकं निवडून त्यांच्याजवळ ज्योत दोन सेकंद रोखा. टोक पेटेल. फुंकर मारा.

हे करताना हात मागे येतो, मला माहीत आहे. इतका सुंदर तांबूस फेस काळा करायला जीव होत नाही. पण नुसत्या तांबूस फेसाची चव साखरेच्या पाकापलीकडे जात नाही. त्या काळ्या टोकांच्या कडवटपणानेच खालची साखर आणि लोणी सुसह्य होतं. एकूण फेसाचा दहावा हिस्सा काळा, बाकी तपकिरी आणि थोडा पांढरा, असा अंदाज ठेवा.

टॉर्च नसेल तर ओटीजीचा फक्त वरचा रॉड चालू करून तो पूर्ण लाल होऊ द्या, टार्ट रॉडपासून चार बोटं खाली येईल असा खण निवडा आणि दोन ते तीन मिनिटं ठेवा. दारासमोरून हलू नका, फोन घेऊ नका. तांबूस ते कोळसा हे अंतर वीस सेकंदांचं आहे. टार्ट फ्रिजमधून काढल्या काढल्या फेस लावून ठेवला तर चॉकलेट वितळायच्या आत काम होतं.

खऱ्या शेकोटीवर का नाही, असं माझ्या भाच्याने विचारलं होतं. अंगणात लोखंडी शेगडी असेल तर जरूर पेटवा आणि काडीवर मार्शमॅलो भाजा. पण थंडीत गडांवर आणि डोंगरांवर गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा पसरतो आणि अख्खी उतरण काळी होते. तिथे शेकोटी नको.

अंडं न घालता

आमच्या घरात सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून हे रूपही मी बरेचदा केलं आहे.

चॉकलेटचा थर भाजायचाच नाही. २२० ग्रॅम चॉकलेट, १८० मिली धुरकट क्रीम आणि २० ग्रॅम लोणी. क्रीम तापवून चॉकलेटवर ओता, वर सांगितलं तसंच ढवळा, शेवटी लोणी घाला आणि भाजून गार केलेल्या कवचात ओता. सहा तास फ्रिजमध्ये. हा थर अधिक घट्ट, बर्फीच्या जवळ जाणारा होतो. खरं सांगायचं तर धूर यात जास्त स्पष्ट लागतो.

फेसासाठी काबुली चण्याचं पाणी. वाटीभर चणे रात्रभर भिजवून मीठ न घालता कुकरमध्ये मऊ शिजवा आणि ते पाणी गाळून आटवा. बोटावर घेतलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट, ओघळणारं झालं पाहिजे. पूर्ण गार करा. असं १०० मिली पाणी लिंबाच्या अर्ध्या चमचा रसाबरोबर दहा मिनिटं फेटा, मग १५० ग्रॅम पिठीसाखर चमच्याचमच्याने घालत आणखी पाच-सात मिनिटं. फेस चढतो, अगदी अंड्यासारखा चढतो. चण्याचा वास कच्च्या फेसाला येतो, जाळल्यावर जातो. हा फेस तासाभरात पाणी सोडायला लागतो, म्हणून जेवण झाल्यावरच लावा आणि लगेच जाळा. चणे दुसऱ्या दिवशी छोल्यांना.

कापणं आणि ठेवणं

उभ्या पेल्यात गरम पाणी घ्या, लांब पातळ सुरी बुडवा, पुसा, एकच काप घ्या, पुन्हा बुडवा. फेस कापताना सुरी करवतीसारखी पुढेमागे, कवचाशी आल्यावर सरळ खाली दाबून. टिनचा सुटा तळ वाटीवर टेकवून कडी खाली सरकवायला विसरू नका. मी एकदा टिनमध्येच कापायला गेले आणि सुरीने टिनला कायमचा ओरखडा पडला.

फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटांनी वाढा. अगदी थंड असताना धूर लपून बसतो. सोबत आइस्क्रीम नको. वाटलंच तर बिनसाखरेची काळी कॉफी द्या. कुणाला फारच गोड वाटलं तर फोडीवर मिठाचे दोन-चार जाड कण टाका.

फेस न लावलेला टार्ट फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. फेस लावलेला दुसऱ्या दिवसापर्यंत खाता येतो, पण टोकं मऊ पडतात. डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर फेसाशिवायच.

गेल्या डिसेंबरात त्या शिबिरातल्या आम्ही पाच जणी माझ्या घरी जमलो होतो. जिच्या मावशीने ते पाकीट पाठवलं होतं तीही होती. चमचे दिले होते, पण तिने फोड हातात घेतली, आधी वरचं सगळ्यात काळं टोक तोडून तोंडात टाकलं आणि मग उरलेली फोड ताटलीत ठेवून माझ्या फोडीवरच्या काळ्या टोकाकडे बघायला लागली. मी ते तिला दिलं नाही.